आधी टक्का की आधी रुपया?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला उभे राहून बोलावयाची सवय नाही. गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी बाहेरचा वक्ता नको, आपल्यातल्याच एकीने बोलावे." मी म्हटले, पाककृती सांगते. त्या म्हणाल्या, "पाककृती दर वर्षी होतात. तुम्ही तो दुकानातला हिशेब सांगा." म्हणून हा हिशेब घेऊन आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या इयत्तेपर्यंत शतमान आणि नफा-तोटा शिकवतात, तेवढे गणित मला येते. त्यापुढचे माझ्या धाकटीने शिकवले, ती अकरावीत आहे.

थोरलीच्या लग्नाचा बस्ता बांधावयास आम्ही लातूरला गेलो होतो. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण त्यांचा सगळाच दोष होता असे मला आता वाटत नाही. दारावर पाटी होती, 'सर्व खरेदीवर शेकडा २० सूट'. शिवाय आमच्याजवळ त्याच दुकानाचे हजार रुपये सूट देणारे कुपन होते. पाहुण्यांच्या साड्या, वरमाईचे लुगडे, टॉवेल-टोप्या, सगळे मिळून छापील किंमत २४,००० रुपये झाली. दुपारभर बसून पाय आखडले होते, पण मी मनातल्या मनात हिशेब करून ठेवला होता. चोवीस हजारांतून शेकडा वीस गेले म्हणजे ४,८०० गेले, राहिले १९,२००. त्यातून कुपनाचे हजार गेले की १८,२००. पिशवीत तेवढेच पैसे वेगळे बांधून ठेवले.

बिल आले १८,४०० चे.

मी म्हटले, दोनशे जास्त लागलेत. गल्ल्यावरचे गृहस्थ हसून म्हणाले, "ताई, आधी काय अन् मागून काय, सारखंच की ते! वीस टक्के बी दिले, हजार बी दिले." खरेच, बिलावर दोन्ही सुटी दिसत होत्या. त्यांनी आधी हजार वजा करून २३,००० केले होते आणि त्यावर शेकडा २० काढले होते. आमचे हे म्हणाले, शुभकार्यात दोनशेसाठी वाद नको. मी गप्प बसले आणि दिले. पण बायामाणसांना हिशेब कळत नाही अशा नजरेने दुकानातला पोरगा माझ्याकडे पाहत होता, ते मात्र मनात राहिले. एस.टी.त बसल्यावर सबंध वाटभर मी बोटे मोजत होते.

रात्री धाकटीपुढे कागद टाकला. ती म्हणाली, "आई, हे तर आमच्या पुस्तकात आहे. याला संयुक्त फलन म्हणतात." मी म्हटले, नाव राहू दे, काम सांग. तेव्हा तिने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

फलन म्हणजे गिरणी समजा. एका बाजूने काही घातले की दुसऱ्या बाजूने ठरलेल्या रीतीने दुसरे काही निघते. गव्हाच्या गिरणीत गहू घातले की पीठच निघणार. दुकानात दोन गिरण्या आहेत. एक टक्क्याची, तिच्यात शंभर घाला, ऐंशी निघतात. दुसरी रुपयाची, तिच्यात काहीही घाला, हजार कमी होऊन निघते. आता पहिलीतून निघालेले दुसरीत घालावयाचे, एवढाच त्या मोठ्या नावाचा अर्थ. प्रश्न इतकाच की आधी कोणत्या गिरणीवर जावयाचे.

आपल्याला यात नवल वाटू नये. हरभऱ्याची डाळ आधी भाजून मग दळली तर एक पीठ होते, आणि आधी दळून मग बेसन भाजले तर चव निराळी. कामे दोन तीच, वस्तू दोन झाल्या. उलट वरणात आधी मीठ घाला की आधी हळद, वरण तेच. तेव्हा काही कामांना क्रम लागतो, काहींना लागत नाही. कोणत्या सुटीला लागतो हे कळले की निम्मा बाजार कळला.

दोन टक्क्यांना क्रम लागत नाही. 'शेकडा ५० अधिक शेकडा २०' अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. हजाराचे आधी पाचशे होतात, त्याचे चारशे. उलट केले तर हजाराचे आठशे, त्याचे चारशे. दोन्हीकडून चारशेच. पण सावध राहावयाचे ते दुसऱ्या कारणासाठी. पन्नास आणि वीस सत्तर होतात असे आपले मन म्हणते, आणि सूट मिळते साठच. दुसरी सूट राहिलेल्या पैशांवर असते, मूळ किमतीवर नसते. दहा, दहा आणि दहा असे तीनदा कमी केले तर तीस टक्के होत नाहीत, २७.१ होतात. पाटी खोटी नसते, बेरीज आपण चुकीची करतो.

दोन रुपयांच्या सुटींनाही क्रम लागत नाही. शंभर आधी गेले काय आणि पन्नास आधी गेले काय. भांडण लागते ते टक्का आणि रुपया एकत्र आले म्हणजे. आधी रुपया वजा केला तर त्या हजारावरही टक्का बसतो, म्हणजे हजाराचे आपल्या पदरात आठशेच पडतात. मागून वजा केला तर पुरते हजार. फरक हजाराचे शेकडा वीस, म्हणजे दोनशे. गंमत अशी, आणि ही माझी मी शोधली याचा मला अभिमान आहे, की बस्ता चोवीस हजारांचा असो की चोवीस लाखांचा, फरक दोनशेच राहतो. खरेदीच्या रकमेचा त्याच्याशी संबंधच नाही. कुपनाच्या रकमेला टक्क्याने गुणा, झाले.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होते असे मला वाटते. निजामाच्या राज्यात इकडे हाली सिक्का चालत असे, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव आजी सांगत असे. सत्तर हालीचा माल घ्या. शेकडा दहा सूट आधी घेतली तर त्रेसष्ट हाली, त्याचे कलदार चोपन्न. आधी कलदार केले तर साठ, सूट जाऊन चोपन्न. दोन्ही तेच. पण व्यापारी 'एक रुपया सोडतो' म्हणाला, तर बाईने विचारलेच पाहिजे, हाली की कलदार?

आपल्या रोजच्या एस.टी.तही हेच आहे. १७ मार्च २०२३ पासून आपणा सर्व बायकांना अर्धे तिकीट झाले. तरी पुष्कळजणी वाहकाशी वाद घालतात, की पूर्ण तिकिटाच्या बरोबर निम्मे का नाही. त्याचे कारण क्रम. आधी मूळ भाडे निम्मे होते आणि मग अपघात सहाय्यता निधीचा अधिभार वर चढतो. तो निम्मा होत नाही. वाहकाचा त्यात काही दोष नाही.

आता धाकटीच्या वहीतली एक खोड सांगते. ते लोक हे लिहितात उलटे. आधी करावयाचे काम आत, किमतीला चिकटून लिहितात आणि मागून करावयाचे काम बाहेर. वाचताना मात्र बाहेरचे आधी दिसते. मी दोनदा फसले. मग लक्षात ठेवले की गाठोडे आहे. आतली गाठ आधी बांधलेली असते. आणि गाठोडे सोडताना बाहेरची, म्हणजे शेवटची गाठ आधी सोडावी लागते. बिलावरून मूळ किंमत काढावयाची असेल तर हेच करावयाचे. माझ्या हिशेबाने १८,२०० दिले असते, तर आधी हजार मिळवा, १९,२०० झाले. मग ते शंभरातले ऐंशी आहेत असे धरून शंभर काढा, २४,००० येतात. उलटे केले, आधी ऐंशीचे शंभर करून मग हजार मिळवले, तर २३,७५० येतात आणि आपणच गोंधळतो. ही उलट चालण्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत आहे, तिला व्यस्तविधी म्हणतात. आपण ती रोज गाठोडे सोडताना करतो.

येथवर माझे शहाणपण झाले. आता माझी फजिती ऐका.

मी चार घरी सांगत सुटले, की बायांनो, टक्का आधी, रुपया मागून, असाच आग्रह धरा. माझ्या जाऊबाईंनी ते पदराला बांधले. बचतगटातून पैसे उचलून त्या भांडी घ्यावयास गेल्या. तेथे शेकडा वीस सूट होती, आणि 'पाच हजारांवर पाचशे रुपये कमी' अशी दुसरी. बिल झाले ५,५०० चे. त्यांनी ठणकावून सांगितले, आधी टक्का लावा. दुकानदाराने लावला, झाले ४,४००. मग पाचशे मागू लागल्या तर तो म्हणाला, "आता बिल पाच हजारांच्या खाली आलं, पाचशे बसत नाहीत." उलट क्रमाने गेल्या असत्या तर साडेपाच हजारांतून पाचशे जाऊन पाच हजार, त्याचे चार हजार. माझ्या उपदेशापायी त्यांचे चारशे रुपये गेले. पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना बोल लावत नाही. उसन्या पैशांतले चारशे होते ते.

म्हणजे ज्या गिरणीला उंबरठा असतो, तिचा न्याय वेगळा. उंबऱ्याच्या आत असाल तर काम होते, बाहेर असाल तर होत नाही. कागदावर मांडून पाहिले, तर ५,००० ते ६,२५० च्या मधल्या बिलाला कुपन आधी लावणे फायद्याचे. ६,२५० पासून पुढे टक्का जाऊनही पाच हजार उरतात, तेथे माझा पहिला नियम खरा. हे मी जाऊबाईंना जाऊन सांगितले. त्यांनी चहा केला, पण साखर कमी घातली.

सरकारी करालाही असाच उंबरठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या एका नगास अडीच हजारांपर्यंत शेकडा ५ आणि त्यावर शेकडा १८ कर आहे. कराशिवाय २,८०० किमतीचा पोषाख असेल आणि शेकडा २० सूट असेल, तर सूट आधी गेल्यास २,२४० उरतात, कर पाच टक्क्यांचा, एकूण २,३५२. कर आधी धरला तर तो अठराचा, ३,३०४ होतात, आणि त्यावर सूट काढूनही २,६४३ रुपये २० पैसे. जवळजवळ तीनशेचा फरक. येथे कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात, बिलावर दाखवलेली सूट आधी वजा करून राहिलेल्या रकमेवर कर, असेच सांगितले आहे. तेव्हा सूट बिलावर लिहून घ्या, तोंडी घेऊ नका.

दुकानदाराला मी चोर म्हणत नाही. पाटीवर क्रम लिहिलेला नव्हता आणि मीही आधी विचारला नाही. आता मी बसण्याआधी, साड्यांची घडी मोडण्याआधी विचारते, "दोन्ही सुटी मिळतात का, आणि आधी कोणती?" काहीजणांना राग येतो. येऊ द्यावा.

आज आपण ज्या सतरंज्यांवर बसला आहात त्यांचा हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवलेला आहे, तरी येथेही सांगते. सतरंज्यांची किंमत ४,३०० झाली. दुकानात शेकडा १० सूट, आणि चार हजारांवर तीनशे कमी. मी विचारले, आधी कोणती? ते म्हणाले, टक्का आधी, आणि त्यावर राहिलेले बिल चार हजारांचे पाहिजे. टक्का लावला तर ३,८७० होत होते, म्हणजे तीनशे हुकले. कोशाध्यक्षबाई पैसे मोजू लागल्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि शेजारच्या फळीवरचा दीडशे रुपयांचा तांब्या खाली काढावयास सांगितला. बिल झाले ४,४५०. शेकडा दहा जाऊन ४,००५. मग तीनशे गेले, राहिले ३,७०५. सतरंज्या नुसत्या घेतल्या असत्या तर ३,८७० पडले असते. म्हणजे तांब्या घेऊन वर १६५ रुपये वाचले. दुकानदाराने तीनदा बेरीज केली.

तो तांब्या पाहुण्यांच्या टेबलावर आहे. पाणी सकाळीच भरले आहे.