घरचे वातावरण आणि शाळेचे उत्तरदायित्व



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानात मी प्रथम घराविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल.

विद्यार्थी मागे पडला की 'घरी वातावरण नाही' असे आपण म्हणतो. ते अगदीच खोटे नाही. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या संपादणुकीतील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी अधिक निगडित असते, असे त्यांना आढळले. परंतु त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो: वंचित समाजातील मुलांवर शाळेच्या बऱ्यावाईटाचा परिणाम इतरांहून अधिक होतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, तो सामान्य शाळेतही तरून जातो. ज्याच्या घरी ती नाहीत, त्याला चांगल्या शिक्षकाचाच काय तो आधार. आपले ते वाक्य जिथे संपते, तिथेच शाळेचे काम सुरू होते.

आपल्या बडोद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. सक्तीने मूल शाळेत आले. पण शिकलेले अक्षर पुढे टिकावे कसे? १९१० पासून संस्थानात ग्रंथालयांची योजना आकारास आली आणि फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. शाळेने अक्षर द्यावे आणि ग्रंथाने घर गाठावे, असा तो क्रम होता.

पालकहो, वातावरण म्हणजे पैसा नव्हे. स्वतःला लिहिता न येणारी आईही 'आज काय शिकलास?' असे विचारून मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकू शकते. अभ्यासाची ठरलेली वेळ, पुरेशी झोप, त्या वेळेपुरता बंद ठेवलेला दूरदर्शन संच यांना फी पडत नाही. आपल्या मुलांच्या घरात मराठी, अंगणात गुजराती आणि वर्गात पुष्कळदा इंग्रजी असते. अशा वेळी मराठीत गोष्ट सांगणारी आजी ही मुलाच्या भाषेचा पाया घालीत असते.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. गृहपाठ देताना तो समजावणारे कोणीतरी प्रत्येक घरी आहे, असे आपण गृहीत धरतो. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याला आपण दुसऱ्या दिवशी शिक्षा करतो. ती वस्तुतः त्याच्या घराला केलेली शिक्षा असते. म्हणून संस्थेला माझी विनंती आहे. शाळा सुटल्यावर एक वर्ग दोन तास उघडा ठेवावा, तेथे एक शिक्षक असावा. आणि दर शनिवारी प्रत्येक दप्तरातून एक पुस्तक घरी जावे.

शिक्षकाचे स्मारक तसबिरीपेक्षा अशा उजेड असलेल्या खोलीत अधिक शोभेल.