जुन्या पद्मिनीचा दम कुठे गेला?

कर्वेनगरात कुणी कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळली असेल, तर त्यांच्यासाठी हे बोलणे. गाडी कात्रजच्या घाटात दमते, कॉम्प्रेशनही कमी भरते. मग इंजिन बोअरला टाका, असा सल्ला मिळतो. आधी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा पाहा. वाढले तर दोष बहुधा रिंगांचा. नाही वाढले तर व्हॉल्व्ह, गॅस्केट, किंवा कॅमशाफ्टची चुकलेली वेळ.

या १०८९ सीसी इंजिनात टायमिंग चेन झिजून लांबली की कॅम मागे पडतो, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि कमी वेगात वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रणच परत ढकलतो. वरच्या वेगात हे तितके जाणवत नाही.

मोजायला क्रँकच्या पुलीवर अंशांची चकती आणि व्हॉल्व्हवर डायल गेज पुरे. माथ्याशी पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिरच असतो, म्हणून माथा नजरेने ठरवू नका. प्लगच्या जागी अडथळा बसवा, इंजिन हाताने हलकेच दोन्ही बाजूंनी टेकवा. चकतीवरच्या दोन खुणांचा मध्य हाच माथा. मग टॅपेट लावून व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे अंश टिपा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडा. चकतीवरचा १० अंशांचा उशीर म्हणजे कॅमवरचा ५. या वेळी मात्र इंजिन चालत्या दिशेनेच फिरवा, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात शिरतो.