शब्दांची हद्दनिशाणी



शब्दार्थविचारावर मुळशीत बोलावयाचे आणि दाखले मात्र पाश्चात्त्य तर्कवेत्त्यांच्या घरचे उसने आणावयाचे, हे मला प्रशस्त वाटत नाही. कारण मोघम शब्दाने माणसाची काय अवस्था होते, याचा अस्सल दाखला याच तालुक्याच्या इतिहासात आहे.

१९२१ च्या रामनवमीस येथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, तेव्हा सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि त्याचा सारा डोलारा ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर उभा होता. एवढा भार वाहणाऱ्या शब्दांची व्याख्या काटेकोर असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. परंतु व्याख्येच्या कलमात इतकेच म्हटले होते की, ज्या जिल्ह्यांत तशी वहिवाट सरकारने जाहीर केली असेल तेथे गावठाणासाठी जागा देणे हेही या प्रयोजनात समाविष्ट समजावे. आणखी काय समाविष्ट आणि काय वर्ज्य, ते अध्याहृतच राहिले. ज्या कायद्याने गावठाण वसविण्याचा तेवढा नावानिशी उल्लेख केला, त्याच कायद्याच्या आधाराने येथील गावठाणे पाण्याखाली गेली. असा योग एखाद्या प्रहसनकारासही सुचला नसता. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर काम ‘लोकांस उपयोगी पडण्याचा संभव’ असणे पुरेसे होते. यातील लोक कोण? मुळा नदीचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास उतरवून निघणारी वीज मुंबईस जावयाची होती, आणि मुंबईकरही लोकच, यात संशय नाही. पण या खोऱ्यात आंबेमोहोर पिकविणारा कुणबी त्या शब्दाच्या आत होता की बाहेर, हे सांगण्याचे बंधन कोणावरही नव्हते, आणि ज्या शब्दाची हद्द आखलेली नसते, त्याच्या निशाण्या बलवानाच्या सोयीने सरकतात.

‘नुकसानभरपाई’ या शब्दाने नुकसान भरून निघेल असे कानाला वाटते; कायद्याच्या लेखी त्याचा अर्थ मुख्यतः बाजारभाव आणि सक्तीपोटी त्यावर शेकडा पंधरा एवढाच होता. शिवाय २४ व्या कलमाने बजावले होते की, जमीन सोडण्याविषयीची नाखुषी मोबदला ठरविताना हिशेबात धरू नये. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा या कलमासमोर ठेवून पाहा. भाषा येथे तरी निःसंदिग्ध होती. मात्र नेमकेपणा म्हणजे न्याय नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात येते.

दोष केवळ सरकारच्या पदरी घालणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘शेतकऱ्यांची जमीन’ असे सर्रास म्हटले जाई, पण त्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेलेली होती आणि नांगर कुळाच्या हाती होता. मालकाला भरपाई म्हणजे रोख रक्कम, कुळाला तीच बेदखली. दोघांना एकाच शब्दाच्या छत्राखाली उभे केले, आणि सावकार मोबदल्याकडे वळताच ते छत्र फाटले. ‘सत्याग्रह’ या शब्दाची गतही निराळी नाही. १९२४ च्या डिसेंबरात या लढ्याचे पुढारी सेनापती बापट यांनी हाती शस्त्र घेऊन, रुळांवर दगड रचून आगगाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. त्यांचा त्याग वादातीत आहे, पण त्या सशस्त्र प्रतिकाराला आणि १९२१ च्या निःशस्त्र धरण्याला एकच नाव देणे, हा माझ्या मते खुद्द बापटांवरच अन्याय आहे.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबून उपजीविका करणारे कूळ, वाटेकरी आणि शेतमजूर यांनाही घेतले. ही प्रगती खरी. परंतु संज्ञा कागदावर राहिली तर तिचा उपयोग नाही. तेव्हा माझी आपणास विनंती एवढीच की, ग्रामसभेपुढे एखादा प्रस्ताव येईल त्या दिवशी हात वर करण्यापूर्वी ‘सार्वजनिक’, ‘बाधित’ आणि ‘पुनर्वसन’ या तीन शब्दांत कोण कोण येते, ते इतिवृत्तात नावनिशीवार लिहून घ्यावे.