मधली ९३ वर्षे

मी शिकवलेल्या क्रमिक पुस्तकांत बायका यायच्या त्या कुणाची आई, कुणाची राणी म्हणून. ताराबाई शिंदे मला भेटल्या निवृत्तीनंतर, अभ्यासमंडळात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी झाली). दोष एकट्या बाईच्याच माथी का, असा रोकडा सवाल बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’त केला. जोतीराव फुल्यांनी त्यांची पाठराखण केली. तरी पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या ९३ वर्षांत किती मुली शिकून गेल्या! माझी आईसुद्धा.

आता वस्तीतल्या मुलींबरोबर ते वाचते. जुन्या भाषेला अडखळतात, ताराबाईंच्या तिखटपणाला हसतात, मग हळूहळू घरातले बोलू लागतात. परवा एकीने विचारले, “बाई, हे परीक्षेला का नाही?”