चालण्याची शर्यत : वेग आणि संयम
(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणातून)



अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखविले. त्या वऱ्हाडात आज चालण्याच्या शर्यतीविषयी बोलावयाचे आहे.

या शर्यतीचे मुख्य नियम दोनच. एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले दिसले पाहिजे. आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली उभा येईपर्यंत त्याचा गुडघा वाकता कामा नये. वेगाच्या भरात पावले धावू लागतात, आणि पंचांनी वारंवार दोष दिल्यास खेळाडू बाद होतो. म्हणून येथे वेगाइतकाच संयम लागतो.

प्रियंका गोस्वामी यांची वाटचाल पाहा. आरंभी त्या जिम्नॅस्टिक्सकडे वळल्या होत्या. २०२१ साली रांचीला त्यांनी २० किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम केला : १ तास २८ मिनिटे ४५ सेकंद. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये काही काळ आघाडीवर राहूनही त्या सतराव्या आल्या. पण त्या खचल्या नाहीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले.

या खेळाला महागडे साहित्य लागत नाही. मात्र मुलींना पहाटे निर्धास्तपणे चालता येईल असा रस्ता लागतो, आणि नियम समजावणारा शिक्षक लागतो. या दोन्ही गोष्टी आपल्याच हाती आहेत.