गणिताचे भय आणि उपचारात्मक अध्यापन



गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याविषयीचा निर्णय समाज फार लवकर देऊन टाकतो. 'त्याला गणिताचे डोकेच नाही,' असे एकदा म्हटले की शिक्षकाची, पालकांची आणि खुद्द विद्यार्थ्याचीही जबाबदारी जणू संपते. गेल्या अर्धशतकातील संशोधनाने मात्र हा निर्णय घाईचा ठरविला आहे.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. दोन वर्षांच्या या महाविद्यालयांची दारे बहुधा सर्वांना खुली असतात. नोकरी सांभाळून शिकणारे, शाळा सोडून अनेक वर्षे लोटलेले प्रौढही तेथे येतात. त्यांच्यापैकी ज्यांचे गणित कच्चे ठरे, त्यांना अंकगणित व बीजगणिताचे उपचारात्मक वर्ग दीर्घकाळ सक्तीचे असत. पदवीसाठी हे वर्ग सहसा हिशेबात धरले जात नसत. अशा वर्गात येणारा विद्यार्थी केवळ कच्चा पाया घेऊन येत नाही. जुन्या अपयशाची लाज आणि नव्या अपयशाची धास्तीही तो बरोबर आणतो.

रिचर्डसन व सुईन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये गणिताचे भय मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. हे भय नेमके कोठे आड येते, हे अ‍ॅशक्राफ्ट व कर्क यांनी २००१ मध्ये दाखविले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही अक्षरे ध्यानात ठेवून बेरजा करावयास सांगितल्या. हातच्याची बेरीज आली आणि अक्षरेही वाढली, तेव्हा भयग्रस्त विद्यार्थ्यांच्या चुका इतरांहून पुष्कळच वाढल्या. हातचा लक्षात ठेवण्यासाठी मनात जी थोडी जागा लागते, तीच चिंतेने अडविलेली असते.

मग हे भय घालवावे कसे? नुसते 'घाबरू नका' म्हणून ते जात नाही. हेम्ब्री यांनी १९९० मध्ये १५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. भयाच्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव दिला असता भय ओसरते आणि गुणही सुधारतात, असे त्यात आढळले. पेक्रुन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार विद्यार्थ्याच्या मनात दोन प्रश्न असतात: हे आपल्या हाती आहे काय, आणि हे आपल्या उपयोगाचे आहे काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले की निराशा येते. दुसऱ्याचे आले की कंटाळा.

ही उत्तरे शिक्षकाप्रमाणेच व्यवस्थाही देत असते. वर्गामागून वर्ग पुन्हा करावयास लावणारी व्यवस्था 'हे तुझ्या हातचे नाही' असेच सांगते. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदा करून, विद्यार्थ्याची पातळी ठरविताना त्याचे शाळेतील गुण विचारात घ्यावेत आणि महाविद्यालयीन पातळीचे गणित एका वर्षात पूर्ण करण्याची अधिकाधिक संधी त्याला द्यावी, असे बंधन घातले.

भय गेले म्हणजे गणित आले, असे अर्थातच नव्हे. सरावाला पर्याय नाही. परंतु लहान टप्पे, वरचेवर होणाऱ्या छोट्या चाचण्या, उपहास न करता केलेली चुकांची चर्चा आणि रोजच्या व्यवहारातील उदाहरणे यांमुळे तो सराव फळास येतो. स्वतःच्या हाताने सुटलेले एक उदाहरण पुढच्या उदाहरणाचे धैर्य देते. असे धैर्य विद्यार्थ्याला मिळवून देणे हाही गणिताच्या अध्यापनाचाच भाग होय.