येळ्ळूरची वाट, सायकलवरून

फ्रान्सच्या बर्गंडीत बोन ते सांतने अशी द्राक्षमळ्यांतून जाणारी सायकलवाट आहे. २०१५ साली तिथले मळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. लोक लांबून तिथे जातात. आपल्याला वडगावहून येळ्ळूरचा रस्ता धरला की झाले! दोन्हीकडे भातशिवार, समोर राजहंसगड. मोटारीच्या काचा बंद. सायकलवर मात्र निसवत्या बासमतीचा घमघमाट येतो, बांधावरच्या मामांशी दोन शब्द होतात. गडाचा चढ दम काढतो. तिथे उतरून चालावे, लाज कसली? हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला, तो याच पट्ट्यातल्या पिकाऊ जमिनीसाठी. आपल्या मुलांनी ती शिवारे पाहिलीत का? येत्या रविवारी त्यांना घेऊन पहाटेच निघा, ऊन चढायच्या आत घरी याल.